नाल्यावरचा पुरावा

(दृश्य: नाल्याच्या काठानं उतरणारी संयुक्त समिती)

जळगाव जिल्हा, गिरणेचं खोरं. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून गावाचं नाव आम्ही घेत नाही. विहिरी नासल्या म्हणून शेतकरी राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, पुणे खंडपीठात गेले. पहिला प्रतिवादी कारखाना. यादीत त्याच्याखाली महाराष्ट्र शासन, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. शासनाची बाजू मांडणार आहेत सरकारी वकील मॅडम. त्यांच्या हातात जो अहवाल पडणार आहे, तो इथे, या चिखलात तयार होतोय.

(दृश्य: काचेच्या बुचाची बाटली, जवळून)

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यांच्या हाताकडे बघा. बाटली काठोकाठ भरली. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. आता मँगनीज सल्फेट, त्यामागून अल्कली आयोडाइड अझाइड. बूच लावून बाटली खालीवर केली. पाण्यात प्राणवायू असता तर तपकिरी साका धरला असता. हा पांढराच राहिला.

आता कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना. 1974 चा जल प्रदूषण कायदा, कलम 21. जागेवरच नोटीस द्यायची. कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही भांड्यांना सील, दोन्हींवर दोघांच्या सह्या. लाख पातळ झाली, ठसा उमटला. यातली एक पायरी सुटली तरी प्रयोगशाळेचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही, मग पाणी कितीही काळं असो. म्हणून ही लाख आम्ही एवढा वेळ दाखवतोय.

(दृश्य: वकिलांचं कार्यालय, फायलींचे गठ्ठे)

मॅडमचा पहिला प्रश्न हाच असतो: "साहेब, सील करतानाचे फोटो आहेत ना?"

सोपी वाट त्यांच्याही समोर होती. 2010 च्या हरित लवाद कायद्यात कलम 14 खाली अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत आहे, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस. भरपाई मागायची तर कलम 15, पाच वर्षं. अर्ज मुदतबाह्य आहे असं म्हणून मोकळं होता येतं. मुदतीचा मुद्दा मॅडमनी घेतलाय, तो घ्यावाच लागतो. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक कार्यालयाकडून शेतकऱ्यांच्या अर्जातल्या एकेका परिच्छेदावर अभिप्राय मागवले. पहिली तक्रार कोणत्या तारखेला आली? पाहणीला कोण गेलं? नोटीस कधी निघाली, टँकर कधी सुरू झाला? ज्या महिन्यांत काहीच झालं नाही, तिथे शपथपत्रात 'नोंद आढळत नाही' असंच लिहायचं, मागच्या तारखेचा कागद करायचा नाही, अशी त्यांची ताकीद आहे.

कारखान्याच्या बचावाला कारखान्याचे वकील आहेत. शासनानं आपण काय केलं आणि काय केलं नाही, एवढं खरं सांगावं. शासनाचा भक्कम बचाव तोच, असं आम्हालाही वाटतं. आणि खरं सांगायचं तर हाताशी खरा नमुना लागतो.

(दृश्य: विहीर, पलीकडे केळीची बाग)

सुनावणीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजावी, हे तत्त्व लवादाला कलम 20 नुसार लावावंच लागतं. तोवर गाव टँकरवर आहे आणि केळीला हेच पाणी जातंय.

पावसात नाल्याचं पाणी पातळ होतं. म्हणून दुसरा नमुना मे संपायच्या आत घ्या, कारखान्याच्या माणसाला हजर ठेवा आणि दोघांच्या सह्या घ्या, असं पत्र मॅडमनी समितीला पाठवलंय.