पट्टीला काय कळतं?

(दृश्य: लघवीच्या नमुन्यात बुडवलेली तपासणीची पट्टी)

पट्टीवर वरची रेघ उमटली. खालची उमटलीच नाही. अशा पट्टीवर रेघ न उमटणं म्हणजेच अमली पदार्थ सापडणं. तो शरीरात गेला, एवढं कळलं. पण हा माणूस व्यसनी आहे का? ते या पट्टीला कळत नाही, रक्ताच्या तपासणीलाही नाही.

(दृश्य: उशाशी गोळ्यांचं पाकीट, भिंतीवर घड्याळ)

कर्करोगाच्या वेदनांसाठी एक बाई कित्येक महिने मॉर्फिन घेतात. गोळी एकदम बंद केली तर घाम फुटेल, पोटात कळा येतील, झोप उडेल. शरीराला औषधाची सवय लागली आहे. पण घड्याळ बघून, सांगितली तेवढीच गोळी त्या घेतात, आणि वेदना कमी झाल्या की नातवाशी गप्पा मारत बसतात. यांना व्यसनी म्हणायचं?

हा गोंधळ शब्दांनीच वाढवला. ‘व्यसनी’ म्हटलं की माणसावर शिक्का बसतो, म्हणून 1987 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘अवलंबित्व’ हा शब्द कायम ठेवला गेला. हेतू चांगला होता. पण शरीराची सवय आणि सुटलेला ताबा, दोन्हींना एकच नाव मिळालं. त्या नावाच्या धास्तीने वेदनेने तळमळणाऱ्यांनाही औषध हात आखडून दिलं गेलं. हे मला फार लागतं.

2013 च्या आवृत्तीत ती चूक बरीचशी सुधारली. आता 11 लक्षणं आहेत. 12 महिन्यांत त्यातली दोन दिसली तरी निदान होतं, सहा किंवा जास्त असतील तर आजार तीव्र. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाची नुसती सवय त्यात धरत नाहीत. तरी पेच उरतोच. एकाला तलफ आवरत नाही आणि त्याची कामं बुडतात. दुसऱ्याचं प्रमाण वाढत जातं, सोडायचे प्रयत्न फसतात. दोघांत एकही लक्षण सारखं नाही, निदान मात्र एकच.

(दृश्य: तपासणीची खोली, नवरा-बायको शेजारी बसलेले)

“ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतली जाते का?”

“कधीतरी, डॉक्टर.”

बायको खाली बघत म्हणते, “रोज.”

डॉक्टर दोन्ही उत्तरं लिहून घेतात. मग तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतात, आणि तोच प्रश्न त्याला पुन्हा, हळू आवाजात विचारतात.