बुडणारा डबा: मुलांबरोबर घटिकापात्र

मुहूर्तासाठी घंगाळात सोडायचं घटिकापात्र तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिलं असेल. ‘घटका भरली’ मात्र आपण सगळेच म्हणतो. भरते ती हीच घटका. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं २४ मिनिटांत भरून बुडतं. ‘सूर्यसिद्धान्त’ या जुन्या खगोलग्रंथात त्याची कसोटी दिली आहे: स्वच्छ पाण्यात ते अहोरात्रात ६० वेळा बुडावं. आपण १० मिनिटांचं करू, २४ मिनिटं मुलं दम धरत नाहीत.

बाटलीला भोक पाडून पाणी ठिबकवण्याचा प्रयोग बहुतेक ठिकाणी करतात. त्यात एक खोट आहे. बाटलीतली पातळी उतरते तसा दाब कमी होतो, धार मंदावते आणि मिनिटांच्या खुणा खाली खाली दाटत जातात. बुडणाऱ्या डब्यात तसं होत नाही. जेवढं पाणी आत येतं तेवढा डबा खाली जातो, आणि बाहेरच्या व आतल्या पातळीतला फरक जवळपास तोच राहतो, कारण डब्याचं आणि त्यात वजनासाठी ठेवायच्या खड्यांचं वजन तोच फरक तोलून धरतो. म्हणून कडा सरळ असतील तर खुणा सारख्या अंतरावर येतात. शिवाय पाणी बादलीतच राहतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा हेही कमी नाही.

श्रीखंडाचा पाव किलोचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, शक्यतो उभ्या कडांचा. गोधडी शिवायची सुई पकडीत धरून मेणबत्तीवर तापवा आणि बुडाच्या बरोबर मध्ये साधारण १ मिलिमीटरचं भोक पाडा. हे काम मोठ्यांनीच करायचं. वितळलेल्या प्लॅस्टिकची कड ब्लेडने साफ करा. दाभण वापरू नका: भोक दुप्पट रुंद झालं की वेळ चौथाईवर येतो.

आता वजन. नुसता डबा पाण्याने भरला तरी बुडत नाही, हे प्लॅस्टिक पाण्याहून हलकं असतं. धुतलेले खडे, सुमारे १०० ग्रॅम, भोक मोकळं ठेवून कडेने सारखे मांडा. एका बाजूला जास्त झाले की डबा कलतो आणि काठावरून पाणी शिरून वेळेआधीच बुडतो.

बादलीत डब्याच्या उंचीपेक्षा चार बोटं जास्त पाणी हवं. डबा अलगद सोडा. पुष्कळदा इथेच मुलं हिरमुसतात, कारण पाणी आत येतच नाही! भोक बंद नसतं. कोरड्या, किंचित तेलकट प्लॅस्टिकवर पाण्याचा पृष्ठताण त्या बारीक तोंडाशी थेंब अडवून धरतो. डबा साबणाने धुवा आणि सोडण्याआधी आतून भोकावर चमचाभर पाणी घाला. अडसर जातो. मात्र दर वेळी तेवढंच घाला, नाहीतर वेळ बदलते.

पहिला डबा आठ ते दहा मिनिटांत बुडावा. मोबाइलवर वेळ लावून तीनदा मोजा. बारा मिनिटं लागली तर खडे वाढवा, सातच लागली तर काढा. आधी मुलांना विचारा, वजन वाढवलं की वेळ वाढेल की घटेल? बरीच मुलं ‘वाढेल’ म्हणतात. तिन्ही वेळा निराळ्या आल्या तर खडे सरकलेत का ते पाहा, आणि सरकत असतील तर चिकटवून टाका.

वापर झाला की डबा पुसून उपडा ठेवा. बोअरच्या पाण्याचे क्षार भोकात साचतात आणि महिनाभराने दहाची अकरा मिनिटं होतात. तेव्हा भोकाला लिंबू चोळून पुन्हा मोजा.