बायोस अपडेटनंतर पीसी सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, अपडेट केलं, पीसी रिस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतोय. आता तुमचा हात पॉवरच्या बटणाकडे जाईल. तो तिथंच थांबवा.

[कॅमेरा मदरबोर्डवर]

तुमच्याकडे डीडीआर५ रॅम असेल, त्यातही एएमडी प्रोसेसरचा एएम५ बोर्ड असेल, तर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी नव्यानं जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते चालू असताना पडद्यावर काहीही दिसत नाही आणि रॅम जास्त असेल तर त्यात कित्येक मिनिटं जातात. मधेच पीसी एकदोनदा आपोआप बंद-चालू झाला तरी घाबरू नका. माझं म्हणणं आहे, घड्याळ लावून पंधरा मिनिटं द्या. मधे बटण दाबलंत की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पंधरा मिनिटांनंतरही अंधारच असेल तर कॅबिनेटचं झाकण काढा. बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. जो लागून राहिलाय, तिथं गाडी अडलीय. डीरॅमचा असेल तर एकच रॅम ठेवून बघा, बोर्डच्या मॅन्युअलमध्ये जो पहिला स्लॉट सांगितलाय त्यात.

तरीही नाही, तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसनं साठवलेल्या सेटिंग्ज पुसून टाका. वायर भिंतीतून काढायची, बोर्डवरचा गोल सेल काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, पाचेक मिनिटांनी सेल परत बसवायचा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत सेलखालच्या पट्टीवर हिरवट थर धरू शकतो, तोही बघून घ्या. सेल जुना असेल तर नवाच घाला. सीआर२०३२ मागा, म्हापशात काय नि फोंड्यात काय, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा व्हिडिओ करतोय. अपडेट झाल्यावर बहुतेक बोर्ड आपल्या सेटिंग्ज विसरतात, सगळं कारखान्यातल्यासारखं होतं. मग विंडोज उघडत नाही, निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं आणि कुणीतरी सांगतं, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल. कृपा करून ऐकू नका! डिचोलीत माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले आहेत. ऐन चतुर्थीच्या तोंडावर, छपाईची कामं अंगावर असताना त्यांना हाच सल्ला मिळाला होता. इंटेलचा बोर्ड होता. बायोसमध्ये डिस्क कशी जोडायची ते ठरवणारं व्हीएमडी नावाचं एक सेटिंग असतं, ते आधी चालू होतं, अपडेटनं बंद केलं. परत चालू केलं आणि विंडोज जसंच्या तसं उघडलं. फॉन्ट, फायली, सगळं जागेवर. डिस्क कधी बिघडलीच नव्हती.

तसंच जुन्या पीसीवर सीएसएमचं, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट होऊ देणाऱ्या सेटिंगचं. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीनं टाकलेलं असेल आणि अपडेटनंतर सीएसएम बंद झालं असेल, तर डिस्क दिसेल पण बूट होणार नाही. पीसी चालतो पण मंद वाटतो? एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग, बंद झालंय, म्हणून रॅम कमी वेगानं धावतेय. व्हर्च्युअल मशीन उघडत नाही, पंखे ओरडतायत, तेही याच खात्यात.

[थोडं जवळ येऊन]

एका ठिकाणी मात्र फार जपून. एएमडीच्या काही बोर्डांवर अपडेटनंतर काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन? एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी. सवयीनं वाय दाबू नका. तुमची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली त्या एफटीपीएममध्येच असते. एन दाबा. आधी फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा आणि ४८ अंकी रिकव्हरी की तिथं आहे का ते बघा. 'मी बिटलॉकर कधी लावलंच नाही' असं म्हणू नका. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की अनेक पीसींवर ते आपोआप लागतं. आणि ती की हरवली, एफटीपीएमही पुसला, तर तो डेटा मायक्रोसॉफ्टलाही परत देता येत नाही. घरातले फोटो, दुकानाचे हिशेब, सगळं गेलं.

अपडेट चालू असतानाच वीज गेली असेल तर प्रकरण वेगळं, कारण तिथं बायोसच अर्धवट लिहिलं गेलेलं असतं. बोर्डच्या मागच्या बाजूला 'बायोस फ्लॅशबॅक'चं बटण असेल तर वाचलात. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची फाइल घ्यायची, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला द्यायचं, खूण केलेल्या पोर्टमध्ये लावून बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काही हलवायचं नाही. बटण नसेल तर चिप बाहेरून प्रोग्रॅम करणारा माणूस शोधावा लागतो, घरी खटपट नको.

म्हणून अपडेट करूच नये का? तसं नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजनं इजा होत होती, आणि त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधूनच आला. ज्यांच्याकडे ते प्रोसेसर आहेत त्यांनी तो घेतलाच पाहिजे. फक्त आधी बिटलॉकर सस्पेंड करा, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि पीसी यूपीएसवर असू द्या. यूपीएस नसेल आणि बाहेर ढग गडगडत असतील, तर त्या दिवशी अपडेट नकोच.