गोळी राहू द्या, रक्त थांबवा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'रणांगणावरचे तातडीचे उपचार'. मला बोलायचंय ते त्यातल्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल. पण आधी एक तक्रार मांडतो, कारण ती बरीच वर्षं मनात आहे.

आपल्या सिनेमात जवानाला गोळी लागली की सगळे एकच ओरडतात, "गोळी काढा!" मग कोणीतरी चाकू तापवतो, जखमी दातांत पट्टा धरतो, गोळी टण्णकन वाटीत पडते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात. (हशा) प्रत्यक्षात गोळी आत राहिली म्हणून माणूस त्या क्षणी मरत नाही. तिने फाडलेल्या धमनीतून रक्त जातं, म्हणून मरतो. अंगात रक्त असतं पाचएक लिटर. मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत सगळं आटोपतं. चाकू खुपसणारा त्या रक्ताला आणखी वाट करून देतो. गोळी नंतर काढता येते, कधी कधी काढावीही लागत नाही.

उपचार जखमीकडे धावले पाहिजेत, ही समजही फार जुनी नाही. फ्रान्सच्या सैन्यातला शल्यविशारद डोमिनिक लारे याने १७९२ नंतर हलक्या घोडागाड्या थेट आघाडीवर नेल्या. तोवर जखमींना लढाई संपेपर्यंत पडून राहावं लागे. लारेने आणखी एक शिस्त घातली: आधी उपचार त्याला, ज्याची जखम गंभीर, मग तो शिपाई असो वा सेनापती.

आता आपली गोष्ट. ती मी लांबवणार आहे, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं. कोरियाच्या युद्धात भारताने लढाऊ पलटण पाठवली नाही, पाठवली ती '६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स' नावाची छत्रीधारी वैद्यकीय तुकडी. प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५० मध्ये ही मंडळी कोरियात उतरली आणि थोड्याच दिवसांत चिनी फौजांच्या रेट्यामुळे उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांग सोडायची वेळ आली. माघारीचा हुकूम होता, पण सामान न्यायला वाहनं नव्हती. सामान टाकून माणसं निघाली असती, कोणी बोल लावला नसता. रंगराज मात्र अडून बसले. शस्त्रक्रियेची हत्यारं, औषधं, भुलीचं सामान मागे राहिलं तर पुढच्या मुक्कामी डॉक्टर काय नुसती नाडी बघणार? शोधाशोध केल्यावर एक जुनं वाफेचं इंजिन सापडलं. बॉयलर कोरडा. डिसेंबरची कोरियातली थंडी, आणि आपले जवान रांग करून हातोहात बादल्यांनी पाणी भरतायत! इंजिन पेटलं, डबे जोडले, सामान चढलं आणि गाडी दक्षिणेला सोलच्या वाटेला लागली. नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी ती पलीकडे गेली होती.

हेच सामान पुढे कामी आलं. २३ मार्च १९५१ रोजी मुन्सान-नी इथे अमेरिकी छत्रीधारी दलाबरोबर याच तुकडीतल्या बारा जणांनी, रंगराज यांच्यासह, विमानातून उड्या घेतल्या आणि उतरल्या जागी शस्त्रक्रिया सुरू केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज असताना ही गोष्ट आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्दा भरभर सांगतो. डॉक्टर कितीही पुढे गेला तरी जखमी पडतो त्या जागी त्याच्याशेजारी असतो तो दुसरा जवान. २००१ ते २०११ या काळात इराक-अफगाणिस्तानात मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास झाला. इस्पितळात पोचण्याआधी गेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता, आणि त्यातले दहात नऊ रक्तस्रावाने गेले. म्हणून आज जवानाच्या अंगावर टूर्निकेट, म्हणजे हातापायाला आवळून रक्त थांबवायचा पट्टा, असतं आणि ते स्वतःच्या एका हाताने आवळायचा सराव करून घेतात. हातपाय गमवावा लागेल या धास्तीने ते अनेक दशकं मागे टाकलं होतं. वेळेवर लावलं, तासा-दोन तासांत सर्जनकडे पोचवलं, तर ती धास्ती बहुतेक वेळा निराधार ठरते.

हे महामार्गावरच्या अपघातालाही लागू आहे. रक्त उसळत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर धरा आणि अंगाचा भार देऊन दाबा. 'थांबलं का' म्हणून सारखं उचलून बघू नका. हातापायातून येणारं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटं सोडून, सांध्यावर नाही, टूर्निकेट आवळा, रक्त थांबेपर्यंत. दुखणारच, सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. पाणी पाजू नका. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा, तुमचा हात जखमेवरून निघता कामा नये.

बाहेरच्या टेबलावर पट्ट्या आणि टूर्निकेट ठेवलीत. चहाआधी तिथे या, एकमेकांच्या दंडावर बांधून बघा.