वापसा आल्याशिवाय पळू नका

(सोलापुरातल्या एका नेमबाजी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यातले निम्मे शेतकरी घरातले आहात, त्यामुळे एक गोष्ट मला समजावून सांगावी लागणार नाही. परतीचा पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तरी घरातली जाणती माणसं काळ्या रानात पाऊल टाकत नाहीत. ओल मुरून जमीन पाय घालण्याजोगी होऊ दे, वापसा येऊ दे म्हणतात. औतालासुद्धा जिथे आपण थांबवतो, तिथे भरलेलं पिस्तूल घेऊन पळायची घाई कशाला?

नेमबाजी म्हटलं की आपल्याला कोल्हापूरकडची राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे आठवतात. त्यांच्या खेळात शरीर दगडासारखं स्थिर ठेवायचं असतं. प्रॅक्टिकल शूटिंग उलट्या अंगाचं. 1976 साली अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबिया गावी आयपीएससी, म्हणजे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, ही संघटना उभी राहिली, तिच्या नियमांत गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. म्हणजे नेम कितीही चांगला असो, रेंगाळलात तर मागे पडलात. म्हणून माणूस पळतो, वळतो, भिंतीआडून वाकून बघतो, पळता पळता पिस्तुलातलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलतो. आणि म्हणूनच पडतो.

मीही पडलोय. थायलंडला नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. रात्रभर पाऊस झाला होता, सकाळी वरून सगळं कोरडं दिसत होतं. डावीकडच्या खिडकीतून दोन टार्गेट मारली, उजवीकडे निघालो आणि तिसऱ्या पावलाला टाच पुढे गेली. पडताना माणूस विचार करत नाही. मला आठवतं ते एवढंच, की डावा हात जमिनीकडे गेला आणि उजवी मूठ आपोआप आवळली गेली. बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, बाहेर सरळ होतं, म्हणून आज ही गोष्ट हसत सांगतोय. कोपर सोलवटलं, पिस्तूल हातातच राहिलं, नळी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडेच होती. स्पर्धकामागे राहून सुरक्षितता बघणारा रेंज ऑफिसर काही बोलला नाही. मी उठलो, उरलेली टार्गेट मारली आणि मग बाजूला जाऊन अर्धा तास हात थरथरत बसलो.

मूठ का आवळली गेली? रॉजर एनोका नावाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 2003 साली नकळत गोळी सुटण्याची तीन कारणं मांडली. एका हाताने जोर लावला की दुसराही आवळतो, हे पहिलं. तोल जाणं दुसरं, आणि दचकणं तिसरं. आता घसरणाऱ्या माणसाकडे बघा. तो दचकलेला असतो, त्याचा तोल गेलेला असतो आणि एक हात आधार शोधत काहीतरी घट्ट धरत असतो. तिन्ही एकदम! अशा वेळी बोट ट्रिगरवर असेल तर नशिबाशिवाय कोणी वाचवत नाही. पळताना बोट बाहेर पाहिजे हा नियम पुस्तकात आहे, पण तो पोराच्या हाडात मुरला पाहिजे.

आणखी एक. पिस्तूल हातातून पडलं, रिकामं असो वा भरलेलं, तर स्पर्धक बाद. ही भीती डोक्यात बसल्यामुळे लोक निसटणारं पिस्तूल हवेतच झेलायला जातात. अजिबात नको. झेलताना बोटं कुठे पडतील सांगता येत नाही. आपटलं तरी गोळी सुटू नये अशी अडकण बऱ्याच पिस्तुलांत असते, सगळ्यांत नसते. पण ट्रिगर दाबला गेला तर ती अडकण काही कामाची नाही. पडू द्या. उचलायचंसुद्धा तुम्ही नाही, रेंज ऑफिसरने. एक मॅच गेली, गेली.

आता जमिनीकडे येऊ, माझा खरा विषय तोच आहे. स्टेजची, म्हणजे पळत नेमबाजी करायच्या आखलेल्या जागेची, जमीन नीट तयार करायची, मॅचभर कचरा साफ ठेवायचा आणि खराब झाली तर वाळू, खडी टाकायची मुभा, हे सगळं नियमात आहे. तशी टाकली म्हणून कुणा स्पर्धकाचं अपील चालत नाही. म्हणजे आयोजकाला सबब उरत नाही. आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं. उन्हाळ्यात भेगा, पावसात लोणी. बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत प्रत्येक पायाला किलोभर गोळा. बुटाच्या तळाच्या खाचा बुजल्या की महागडा बूट आणि स्लिपर सारखेच.

म्हणून मुरूम टाका आणि रोलर फिरवा. पण मुरूमही बघून घ्या. मातकट मुरूम पावसात साबण होतो. मूठभर ओला करून दाबा. लाडूसारखा वळला तर डंपर परत पाठवा. बांधावरून ओघळणारं पाणी स्टेजमध्ये येतं, त्याला मागेच चर खणून वाट द्या. फॉल्ट लाइनच्या, म्हणजे स्पर्धकाने ओलांडायच्या नसलेल्या हद्दीच्या, लाकडी पट्ट्या पक्क्या ठोका, आणि त्यांना ऑइलपेंट द्यायचा तर त्यात मूठभर वाळू मिसळा. ओल्या रंगाच्या पट्टीवर पळता पळता पाय पडला की माणूस आडवाच. प्लायवूडच्या फळ्यांवर कोंबड्याची जाळी ठोकली तरी पुरतं. सुरुवातीच्या जागी काथ्याचं पायपुसणं आणि एक खुरपं ठेवा. खुरप्याने बूट खरवडून पोरं उभी राहतात, बघायला गंमत वाटते, पण चालतं.

काँक्रीटवर वेगळाच त्रास. रिकामी काडतुसं गोल असतात, पायाखाली बेअरिंगसारखी फिरतात. दोन-तीन स्पर्धकांमागे एकदा झाडू फिरवा.

रेंज ऑफिसरची कोणी काळजी करत नाही, हे मला फार खटकतं. त्याचे डोळे पिस्तुलावर, हातात टायमर, आणि स्पर्धक उलटा फिरला की हा मागे मागे पळतो. त्याची वाट स्पर्धकाच्या वाटेइतकीच साफ पाहिजे. स्टेज आखणाऱ्याने एकदा रेंज ऑफिसरच्या जागेवर उभं राहून उलटं चालून बघावं, आणि तेही मॅचच्या आधी.

स्पर्धकांनी सुरुवातीआधी स्टेज बघायला मिळणाऱ्या मिनिटांत टार्गेट मोजण्याबरोबर पाय आपटून बघावेत. जिथे थांबायचंय त्याच्या दोन पावलं आधी वेग तोडायचा, पावलं आखूड करायची, कंबर खाली घ्यायची. शेवटच्या पावलात ब्रेक मारणारे घसरतात.

बाकी बोलून कळत नाही. मागच्या मैदानात मी सकाळीच चार बादल्या पाणी ओतून ठेवलंय. रबरी पिस्तुलं दोनच आहेत, त्यामुळे आळीपाळीने. एकेकाने पळायचं, आणि मी मधेच ओरडलो की मुद्दाम पडायचं, बोट बाहेर आणि नळी बांधाकडे ठेवून. चपला घालून आलेले शेवटी या.