नवं चिन्ह कसं मागावं: पायथॉनच्या पेप ५८४ची चिरफाड

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन डिक्शनऱ्या (म्हणजे ‘की’ आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचे साठे) एकत्र करायला सरळ चिन्ह नव्हतं. २०२० साली आलेल्या ३.९ आवृत्तीत ते मिळालं: उभी रेघ, |. ज्या प्रस्तावातून ते आलं तो पेप ५८४ आज आपण उलगडून पाहू. नवी कल्पना जाणकारांपुढे कशी ठेवावी याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

पेप म्हणजे भाषेत बदल सुचवणारा रीतसर लेखी प्रस्ताव. लेखक मुख्य विकसकांपैकी नसेल, तर त्यांच्यातला एक पाठीराखा त्याला मिळवावा लागतो. त्याही आधी कच्ची कल्पना चर्चेला टाकायची असते, आणि बरेच जण इथेच चुकतात. ते हजार ओळींचा तयार कोड घेऊन येतात. एवढा कोड वाचायला कुणाला सवड नसते, शिवाय लिहिणाऱ्याचा जीव त्यात अडकलेला असतो. चार-पाच ओळींचं उदाहरण द्या, जसंच्या तसं चालवता येईल असं, आणि त्याखाली अपेक्षित आउटपुटही लिहा.

‘हे तर आजही करता येतं’ हा अभिप्राय येणारच. पेप ५८४च्या लेखकांनी जुन्या वाटा एकेक करून तपासल्या. एका डिक्शनरीत दुसरी मिसळणारी अपडेट मेथड पहिली डिक्शनरीच बदलून टाकते. महिरपी कंसात दोन-दोन तारे लावून दोन्ही उलगडल्या, तर मूळ प्रकार डिफॉल्टडिक्ट (डिक्शनरीचाच एक खास प्रकार) असला तरी हाती साधी डिक्शनरी येते. नुसतं गाऱ्हाणं मांडून ते थांबले नाहीत. बाहेरच्या लायब्ररींमधला खरा कोड शोधून तिथे नवं चिन्ह कसं दिसेल तेही त्यांनी दाखवलं. मनाने रचलेल्या दहा उदाहरणांपेक्षा याचं वजन जास्त.

विरोधातले मुद्दे तर त्यांनी प्रस्तावातच नोंदवले, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पहिला आक्षेप: बाजू बदलल्या की उत्तर बदलतं, कारण एकच ‘की’ दोन्हीकडे असेल तर उजवीकडची व्हॅल्यू टिकते. उत्तर भाषेतूनच दिलं. सेटमध्ये (एकच मूल्य दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहात) ० आणि फॉल्स म्हणजे ‘असत्य’ हे मूल्य समान धरले जातात; त्यांचा संयोग केला की डावीकडचा उरतो, म्हणजे तिथेही बाजूने फरक पडतोच. दुसरा आक्षेप वेगाचा. अनेक डिक्शनऱ्या साखळीने जोडल्या तर दर पायरीला नवी प्रत बनते, आणि काम संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढत जातं. हे खरंच आहे. अशा वेळी लूपमध्ये अपडेट वापरावं. खरा दोष दाखवला गेला तर तो मान्य करून मर्यादा लिहावी, वाद वाढवू नये.

‘मला हे रुचत नाही’ एवढाच अभिप्राय आला, तर कोणता इनपुट दिल्यावर काय बिघडतं ते विचारा. उत्तर मिळालं तर ते थेट टेस्टमध्ये घाला.

आणि मूळ मागणी सोडायची तयारी ठेवा. हा प्रस्ताव सुरुवातीला + चिन्हासाठी होता. त्यावर बराच वाद झाला आणि लेखक उभ्या रेघेकडे वळले. सेटच्या संयोगाला तीच वापरतात. टाकून दिलेले पर्याय कारणांसह प्रस्तावात राहिले आहेत. त्यांत डाव्या बाणाचं नवं चिन्हही आहे. ते का चाललं नसतं? ‘<’ला लागून ‘-’ लिहिलं की पायथॉन आजही ते ‘उणे अमुकपेक्षा लहान’ असंच वाचतो.