भिंतीपलीकडचा पॅनल आणि विजेचं बिल

नमस्कार मंडळी. आजचा विषय डोळ्यांना न दिसणारा आहे, कामाच्या जागी आपल्या आजूबाजूला असणारं चुंबकीय क्षेत्र. वायरीतून करंट वाहिला की तिच्याभोवती ते आपोआप तयार होतं, आणि करंट जितका जास्त तितकं ते जास्त.

आधी भीती काढून टाकू, म्हणजे निम्मी तरी. आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2002 साली याला 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकलं, पण ते मुख्यतः लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या अभ्यासांवरून, आणि हेच कारण असं काही सिद्ध झालेलं नाही. कामगारांसाठी 50 हर्ट्झला, म्हणजे आपल्या नेहमीच्या विजेला, 1000 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) ही 2010 ची आंतरराष्ट्रीय मर्यादा, साध्या ऑफिसात आपण तिच्या जवळपासही फिरकत नाही. खरं जपायचं ते वेल्डरनी, इंडक्शन भट्टीवाल्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्या माणसांनी, कारण फार जोरदार क्षेत्रात डोळ्यांपुढे चमकतं, नसा चाळवतात आणि पेसमेकर गोंधळू शकतो.

आता गंमत बघा, हे क्षेत्र साध्या भिंतीतून आरपार जातं, त्यामुळे मेन पॅनल पलीकडच्या खोलीत आहे म्हणून निश्चिंत राहू नका, टेबल भिंतीपासून सरकवा. ट्रान्सफॉर्मरसारख्या वस्तूपासून अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण आठवा हिस्सा उरतं, आणि टेबल सरकवायला खर्च काय? काहीच नाही. नंतर खास धातूचे पत्रे लावत बसलात तर मात्र खिसा रिकामा होतो. वेल्डिंगवाल्यांनो, केबल खांद्यावर गुंडाळून काम करू नका बुवा, जाणारी आणि येणारी केबल शेजारी शेजारी ठेवा, दोघींचं क्षेत्र एकमेकींना खाऊन टाकतं.

आणि पैशाचं म्हणाल तर मला हाच भाग जास्त आवडतो. मोटारींमुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी किती खरंच कामी येतो ते सांगणारा आकडा, 0.7 वर असेल आणि मोटारीजवळच कपॅसिटर बसवून तो 0.95 केला, तर तिकडे येणाऱ्या केबलमधला करंट जवळपास पाव हिस्सा कमी होतो, क्षेत्रही तेवढंच उतरतं, आणि केबल तापण्यात वाया जाणारी वीज निम्म्याच्या आसपास येते.

दुसरं दुखणं न्यूट्रलचं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचं. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीला जोडलेली सुरक्षेची वायर) चुकून जोडले गेले की करंट आला तसा परत जात नाही, पाण्याच्या पायपातून, इमारतीच्या लोखंडातून फिरत बसतो, आणि सगळ्या मजल्यावर क्षेत्र पसरतं. इलेक्ट्रिशियनला सांगा, क्लॅम्प मीटरमध्ये, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये, फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल एकत्र धर, रीडिंग शून्याच्या जवळ यायला पाहिजे. चांगला अँपिअरभर आकडा दिसला तर चूक वायरिंगमध्ये आहे, आणि ती सापडेपर्यंत त्याला सोडू नका.